वाफ्यांना कड कसली लावावी? पावसाच्या आधी काम उरकायचं आहे (म्हार्दोळ)

जाईवाली_म्हार्दोळ

नमस्कार मंडळी. घर म्हार्दोळला, मंगळुरी कौलांचं. पुढे अंगण, अंगणात तुळस, आणि आजूबाजूला सासूबाईंनी वाढवलेली फुलझाडं. त्यांचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून बागेचा कारभार माझ्याकडे आलाय. कारभार माझा, हुकूम अजून त्यांचाच. मी फोंड्याला शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिना हाताशी आहे. त्यात वाफ्यांच्या कडा पक्क्या करून टाकायच्या आहेत.

वाफे तीन. पहिला घराच्या भिंतीला लागून, १८ फूट लांब आणि अडीच फूट रुंद. त्यात आबोली आणि मांडवावर चढवलेले जाईचे दोन जुने वेल. दुसरा रस्त्याकडच्या कुंपणाला धरून, ३० फूट. जास्वंद, तगर, कर्दळ, मध्येच हळद, आणि एका टोकाला माड. तिसरा अंगणाच्या मधोमध, गवताच्या तुकड्यात, लांबट गोल, १२ बाय ८ फूट. त्यात गुलाब, आणि गणपतीच्या सुमारास झेंडू. जमीन घराकडून रस्त्याकडे उतरते. एकूण उतार फूटभर असेल.

दुखणं असं की जुलैत आमची लाल माती वाफ्यात राहत नाही. अंगणभर पसरते, पेव्हरच्या फटींत बसते आणि गेटातून रस्त्यावर जाते. समोरचे शेजारी भले आहेत म्हणून बोलत नाहीत, पण त्यांची पांढरी गाडी बोलते.

सल्ले भरपूर मिळालेत. गवंडी म्हणतो, तिन्ही वाफ्यांना वीतभर उंच सिमेंटची भिंत घालू, वर टाइल लावू, माडालाही गोल कट्टा करू. मुलगा बंगळूरला असतो, त्याने काळ्या प्लास्टिकच्या पट्टीचा रोल दाखवला, खुंट्या ठोकल्या की झालं म्हणतो. नवऱ्याचं मत दर वर्षी एकच, पाऊस जाऊ दे, मग बघू. सासूबाई म्हणतात जांभ्या दगडाचे चिरे लावा, दुसरं काही माझ्या अंगणात नको.

मला सांगा, नुसते चिरे मांडले तर टिकतात का? सिमेंट हवंच का? गोल वाफ्याला चौकोनी चिरा बसवतात कसा? आणि आमच्या कोणाच्या डोक्यात आलेलं नाही असं काही असेल तर तेही सांगा.

बार्देसचा_माळी

बाटल्या, ताई! बिअरच्या रिकाम्या बाटल्या तोंडं खाली करून अर्ध्या मातीत पुरायच्या. आमच्याकडे कितीतरी जुन्या घरांपुढे अशा हिरव्या-तपकिरी रांगा आहेत. गोव्यात कच्च्या मालाची टंचाई पडणार नाही, आणि गोल वाफ्याला यांच्यासारखं दुसरं काही वळत नाही. फक्त बाटली उलटीच हवी. सुलटी ठेवली तर पाणी साचून डास. आणि गवत कापायचं मशीन लागून एखादी फुटली तर काचा वेचताना जीव जातो, हेही सांगून ठेवतो. अंगणात अनवाणी वावरणारी माणसं असतील तर विचार करा.

ओव्हरसियर_साखळी

ताई, कड कसली ते नंतर ठरवू. आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा.

तुमच्या वर्णनावरून मला दिसतं ते असं. छपराचं पाणी पागोळ्यांनी पहिल्या वाफ्यात कोसळतं, तिथली माती उचलतं आणि उताराला लागतं. वाटेत गोल वाफ्याची वरची बाजू खरवडतं आणि शेवटी कुंपणाच्या वाफ्यात जमतं. तो वाफा उताराला आडवा पडलाय. तो भरला की पाणी गेटाची वाट धरतं. बाहेरगावच्या व्हिडिओंत कड लावतात ती गवत वाफ्यात शिरू नये म्हणून. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. इथे कडेची गाठ आधी पाण्याशी पडते, गवताचं मागाहून.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी. तुमच्या छपराची ती बाजू १८ फूट लांब, आणि आढ्यापासून पागोळीपर्यंत जमिनीवर मोजलं तर १२ फूट धरू. म्हणजे २० चौरस मीटर. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं काही नवलाचं नाही. त्या दिवशी दोन हजार लिटर, म्हणजे हजाराच्या दोन भरलेल्या टाक्या, तुमच्या आबोलीवर एका रेघेत ओतल्या जातात. त्यापुढे सिमेंटची कड घाला नाहीतर सोन्याची, माती वर उसळून बाहेर जाणारच.

म्हणून पहिल्या वाफ्याला कड लावण्याआधी तो भिंतीपासून सोडवा. भिंत आणि वाफा यांत दीड फुटाची पट्टी मोकळी ठेवा. तिथली माती पाचसहा इंच काढून मोठी खडी भरा, तळाला उतार घरापासून बाहेर. पागोळ्या नेमक्या त्या खडीवर पडल्या पाहिजेत. छपराच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि त्याच्या पुढे आणखी अर्धा फूट धरा, जोराच्या पावसात पाणी पुढे फेकलं जातं. भिंतीवर दोन फूट उंचीपर्यंत लाल शिंतोडे उडत असतील ना? तेही बंद होतील. भिंतीला चिकटून ओली माती ठेवणं जोत्यालाही चांगलं नाही.

आता चिरे. सासूबाईंचं बरोबर आहे, पण चिरा चिऱ्यात फरक असतो. हातोडीने ठोकून घ्या. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर सोडा. ज्याच्या पोटात पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे डोळे दिसतात तो नको. पावसात ती माती धुपते आणि चिऱ्याला भोकं पडतात. खाणीतून ताजा काढलेला चिरा नरम असतो, हवेत वाळत गेला की कठीण होतो. म्हणून आजच मागवा आणि काम सुरू होईपर्यंत उन्हात पडू द्या. हल्ली गोव्यात पुष्कळ चिरा सिंधुदुर्गातून येतो. कुठला का असेना, ट्रक रिकामा होण्याआधी दहावीस ठोकून बघा.

चिरा पावसात झिजत नाही असा एक समज आहे. जुन्या गोव्यात बॉम जीझसची बासिलिका बघा. १६०५ मध्ये अभिषेक झालेली इमारत, चिऱ्याची, आणि वर गिलावा होता. गेल्या शतकाच्या मध्याला तो गिलावा उतरवला, आणि उघड्या चिऱ्याची पावसाने होणारी झीज हा आजही वादाचा विषय आहे. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. उघड्या चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात माडाच्या विणलेल्या पानांचे झाप बांधायचे ते उगीच नाही. वाफ्याच्या कडेला एवढे सोपस्कार नकोत, ती वीतभर उंच. कोपरे झिजले तर एखादा चिरा बदलायचा. नुसता मांडलेला असला की बदलताही येतो, सिमेंटमध्ये गाडलेला फोडावा लागतो.

चिरा मांडायचा असा. दोरी ताणून घ्या. चर नऊ-दहा इंच रुंद आणि पाच इंच खोल. तळ धुम्मसने ठोकून काढा. त्यावर दोन इंच खडीची बारीक चुरी पसरा आणि पाणी मारून पुन्हा ठोका. लाल मातीवर थेट चिरा ठेवू नका, पहिल्या मोठ्या पावसात खालची माती वाहून चिरा कलंडतो. चिरा कडेवर उभा करा, म्हणजे नऊ इंच उंची मिळते. तीन इंच जमिनीत, सहा वर. हातोडी थेट चिऱ्यावर मारू नका, कोपरा तुटतो. मध्ये लाकडाचा तुकडा धरा. बाहेरच्या बाजूची माती आधी ठोकून भरा, आतली नंतर.

कुंपणाच्या वाफ्याला दर चार फुटांवर दोन चिऱ्यांमध्ये दीड इंचाची फट सोडा. तिच्या मागे मुठीएवढी खडी आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या दाबून बसवा. पाणी बाहेर येईल, माती आत राहील. ही फट नसेल तर वाफ्याचं तळं होतं, हळदीचे गड्डे कुजतात, आणि मागून पाण्याने फुगलेली माती कड ढकलून देते. गवंड्याच्या अखंड भिंतीचं हेच होणार. अगदी सिमेंटच करायचं ठरलं तर दर तीन फुटांवर जमिनीलगत इंचभर व्यासाच्या पाइपचे तुकडे बसवायला सांगा.

शेवटचं, वाफ्यातली माती चिऱ्याच्या माथ्यापेक्षा दोन इंच खाली हवी. लोक कड घालतात आणि मग माती वर डोंगरासारखी चढवतात. ती थांबेल कशी?

मांद्रे_किनारा

मुलाच्या प्लास्टिक पट्टीविषयी. आमची जमीन वाळूची, त्यामुळे खुंट्या सहज गेल्या, आणि हिरवळीच्या कडेला ती पट्टी बऱ्यापैकी चालली. पण तुमच्याकडे चार बोटं खणलं की जांभ्याचे खडे लागत असणार. खुंटी तिरकी जाते, पट्टी उचलली जाते आणि तिच्याखालून पाणी वाट काढतं. जी पट्टी उन्हात उघडी राहते ती काही वर्षांत ठिसूळ होते. हरळीची धावती मुळं तिने अडतात, चार-सहा इंच खोल गेली असेल तर. लव्हाळ्यापुढे मात्र कोणाचंच काही चालत नाही, तो प्लास्टिक भोसकून वर येतो.

लोखंडी पट्टीचा विचार कोणी सुचवला तर समुद्राजवळच्या माणसांनी करू नये. ती मुद्दाम गंज चढवलेली तांबूस पट्टी हल्ली बंगल्यांच्या बागांत दिसते. तिची गंजाची साय घट्ट बसली तर आतला पत्रा वाचतो, आणि खाऱ्या हवेत ती साय नीट बसतच नाही. म्हार्दोळला एवढा त्रास नसेल, पण पैसे तेवढेच जातात.

जाईवाली_म्हार्दोळ

ओव्हरसियरकाका, तुमचं लिखाण मी घरात मोठ्याने वाचलं. सासूबाईंनी "चिरा" एवढाच शब्द ऐकला आणि जिंकल्यासारख्या आत गेल्या. नवऱ्याने टाक्यांचा हिशेब ऐकला आणि पहिल्यांदाच खुर्चीतून उठून पागोळीकडे बघून आला.

पण अडचण आहे. पहिला वाफा भिंतीपासून सोडवायचा तर जाईचे वेल हलवावे लागतील, आणि ते हलणार नाहीत. त्यांची फुलं आमच्याकडून म्हाळसेच्या देवळात जातात, जायांच्या पूजेला तर टोपली भरून. वेलांना हात लावायचा विषय काढला तर मलाच घरातून हलवतील. आबोली मात्र हलवता येईल.

दुसरं, गोल वाफ्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. आणि एकूण चिरे किती मागवू? ट्रकवाला "किती?" विचारतो, मी "बघते" म्हणते, तो फोन ठेवतो.

ओव्हरसियर_साखळी

वेल हलवायचे नसतील तर पाणी हलवा. पागोळीला पन्हळ लावा, १८ फूट, पत्र्याची किंवा पीव्हीसीची. उतार दहा फुटाला एक इंच पुरे. बाजारात चार इंची मिळते, पण आपल्या पावसाला सहा इंची घ्या. अडीच-तीन फुटांवर एक आकडा हवा, नाहीतर भरल्यावर मध्येच वाकते. टोकाला उभा पाइप. त्याचं पाणी अंगणात सोडू नका. मागे विहीर असेल तर पहिले एकदोन पाऊस बाहेर जाऊ द्या, मग जाळी आणि खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडा. विहीर नसेल तर घरापासून दहा फूट दूर खड्डा खणून मोठी खडी भरा. मेअखेर पन्हळीतला पाला काढायला विसरू नका, आंब्याचं एक पान पाइपच्या तोंडावर बसलं की सगळं पाणी पुन्हा जाईवर.

वेलांच्या बुंध्याशी हात लावायचा नाही. मधल्या जागेतली आबोली पुढे घ्या आणि भिंतीलगत जमेल तेवढी खडीची पट्टी करा. पन्हळ असली तरी वाऱ्याचा पाऊस भिंतीवर येतोच.

चिऱ्यांचा हिशेब. साधारण चौदा इंच लांबीचा चिरा धरतो. पहिल्या वाफ्याची पुढची बाजू १८ फूट आणि दोन टोकं अडीच-अडीच, म्हणजे २३ फूट, चिरे २०. कुंपणाच्या वाफ्याची एकच बाजू, ३० फूट, चिरे २६. गोलाचा घेर ३२ फुटांच्या आसपास भरतो. तिथे अख्खा चिरा वळणावर कोपरे काढून बसतो, वाईट दिसतो. मधून कापून सात इंची अर्धे करा, ५४ अर्धे म्हणजे २७ चिरे. एकूण ७३. तुटफूट धरून ८० सांगा. एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा तो मेचा अख्खा महिना एकट्याने उचलायचा विचार करू नका. चिरे कापणाऱ्याला मशीनवर पाणी सोडून कापायला सांगा आणि तोंडाला फडकं बांधायला लावा, ती धूळ छातीला वाईट.

गोलाची आखणी करायला पाण्याचा लांब पाइप जमिनीवर टाका, हवं तसं वळवा, घराच्या पायरीवरून बघा. पसंत पडला की त्याच्या कडेने चुन्याची फक्की ओढा. तिथला चिरा मात्र उंच ठेवू नका. गवताच्या पातळीला आणा, म्हणजे मशीनचं चाक त्याच्यावरून जातं आणि कडेचं गवत हाताने कापत बसावं लागत नाही. वरून येणारं पाणी या वाफ्याला आदळतं, म्हणून घराकडच्या बाजूला वीतभर रुंदीची उथळ चारी काढा. ती दोन्ही बाजूंनी वळसा घेऊन खाली उतरली पाहिजे.

कुळागरवाली_केरी

सगळं खरं, पण गोलाला चिरा कशाला? तिथे रोपांची कड करा. आम्ही सत्तरीत कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, बांधांवर अननस लावतो. मुळं माती धरतात, पानांच्या काट्यांमुळे गुरं तोंड लावत नाहीत, आणि वर अननसही मिळतो. तुमच्या अंगणात अननस बोचेल, म्हणून गवती चहा लावा. एक ठोंब फोडलं की दहा-बारा रोपं होतात. वीतभर अंतराने लावा. जूनचा पहिला पाऊस अंगावर पडला की लावायचा, दोन महिन्यांत रांग भरते. वर्षातून दोनदा कापायचा, नाहीतर अंगणात रान माजतं. चहाला कधी कमी पडणार नाही, शेजाऱ्यांनाही द्या, गाडीचा राग जाईल.

कुंपणाच्या वाफ्याला माती फारच जात असेल तर चिऱ्यांच्या आतल्या बाजूने वाळा लावा. गवती चहाची मुळं वरवर पसरतात. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरसुद्धा. चार बोटांच्या अंतराने एकाच रांगेत लावायचा, आणि ती रांग उताराला आडवी हवी. तुमचा वाफा आयताच आडवा आहे.

आबोलीची दाट रांगही कडेला शोभते, पण ती माती धरत नाही, नुसती दिसते. तिला आतच राहू द्या.

काही जण नारळाची सोडणं उलटी मांडून कड करतात. मला ती आवडतात, ओल धरतात. पण दोन-तीन पावसाळ्यांत कुजतात, आणि त्याआधी वाळवी येते. घराच्या भिंतीजवळ अजिबात नकोत. पोफळीचे ओंडकेही तसेच. जुने रेल्वे स्लीपर कोणी देऊ केले तर हळदीच्या वाफ्याला लावू नका, त्यांना लावलेलं काळं तेल खाण्याच्या पिकाजवळ नको.

आणि माडाला तो गोल कट्टा करू देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. माडाची कामाची मुळं बुंध्यापासून सहा फुटांच्या आत वरच्या थरात असतात. आळं तेवढं मोठं हवं, खत-पाणी त्यातच जातं. गवंडी बुंध्याला चिकटून दोन फुटांचा कट्टा बांधतो, आत माती चढवतो, वर बसायला टाइल. दिसायला देऊळ, आणि माडाच्या मुळांवर पाय. पावसाळ्यात आळ्याच्या खालच्या बाजूने बांध उघडा ठेवा, पाणी साचू देऊ नका. पाऊस सरला की बंद करा.

चिऱ्यांच्या फटींत गोगलगायी येतील. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी आल्या तर संध्याकाळी बॅटरी घेऊन उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला. मीठ वाफ्यात टाकू नका, झाडं मरतील. आणि उरलेले चिरे कुंपणाशी रचून ठेवू नका, पोकळ रास म्हणजे सापांना आयती जागा.

ओव्हरसियर_साखळी

केरीच्या बाईंचं माडाबद्दल शंभर टक्के बरोबर. गोलाबद्दल माझं मत वेगळं. गवती चहा गवताच्या तुकड्यात लावला की हरळी त्याच्या ठोंबात शिरते, आणि मग दोन्ही वेगळं करणं म्हणजे उवा-लिखा निवडणं. हिरवळीला लागून कड कठीणच हवी. वाळ्याचा सल्ला मात्र घ्या, तो मला सुचला नव्हता.

बार्देसचा_माळी

माझ्या बाटल्यांबद्दल कोणी चांगला शब्द काढत नाही हे मी बघतोय.

जाईवाली_म्हार्दोळ

बाटल्यांना एक कोपरा देते. तुळशीजवळ झेंडूची छोटी रांग आहे, तिथे मशीन जात नाही. पण बाटल्या घरात नाहीत, तुम्हीच आणून द्या.

ठरलंय ते असं. पन्हळ सहा इंची, पाइप मागच्या विहिरीकडे. कुंपणाच्या वाफ्याला चिरे, फटी सोडून, आतून वाळा. माडाचा कट्टा रद्द. गवंड्याचं तोंड उतरलं, म्हणून त्यालाच चिरे मांडायचं काम दिलं. गोलाला अर्धे चिरे, गवताच्या पातळीला. गवती चहा मागच्या दाराशी, तिथे हरळी नाही. ट्रकवाल्याला ८० सांगितले.

दोन शंका उरल्या. चिरे सोमवारी येतात, कामाला माणूस मेच्या तिसऱ्या आठवड्याशिवाय मोकळा नाही. एवढे दिवस वाळले तर पुरे का? आणि गवंडी अजून म्हणतोय, निदान सांधे तरी सिमेंटने भरू, नाहीतर फटींतून तण येईल.

ओव्हरसियर_साखळी

पुरे. एकावर एक रचू नका, सुटे उभे करून ठेवा म्हणजे सगळ्या बाजूंना वारा लागतो. केरीच्या बाईंनी सांगितलेली सापाची गोष्टही त्यातच मिटते. वळवाच्या सरी येतात म्हणून झाकायची गरज नाही, फक्त मांडायच्या आदल्या दिवशी भिजलेले असतील तर एक दिवस थांबा.

सांधे भरायचे असतील तर फक्त पहिल्या वाफ्याचे भरा, तिथे आता छपराचं पाणी येणार नाही. सिमेंट-वाळूचा एकास सहा माल पुरे, आणि निदान सात दिवस पाणी मारायला हवं. मेमध्ये विहीर कुठवर उतरलीय ते बघून ठरवा. कुंपणाच्या वाफ्याला बोटभरसुद्धा सिमेंट नको. गवंडी नजर चुकवून फटी बुजवेल, त्याला ते अपुरं काम वाटतं. तो त्या बाजूला काम करत असेल तेव्हा खुर्ची घेऊन सासूबाईंना तिथे बसवा.